निवृत्त होऊन सात महिने झाले आणि नौदलाने त्यांना परत बोलावलं, कारण प्रत्येक कंपनीचं कोबोल वेगळं होतं

कधी कोडिंग केलं असेल तर ही डोकेदुखी तुम्हाला माहीत असेल. कोड लिहून होतो, पण त्याचं डॉक्युमेंटेशन लिहायचा कंटाळा येतो. मग डॉक्सिजनसारखं टूल कामाला लावायचं. ते कोड वाचतं आणि त्यातूनच माहितीची पानं तयार करून देतं. पण एखाद्या कंपायलरचा प्रमाण भाषेबाहेरचा, पदरचा शब्द कोडमध्ये आला की हे टूल गडबडतं. आधीच सांगून ठेवावं लागतं, बाबा, हा शब्द दिसला तर सोडून दे.

हे दुखणं नवं नाही. ग्रेस हॉपर यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं याच्याशी झगडण्यात घालवली.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. सात वर्षांच्या असताना त्यांनी गजराचं घड्याळ खोललं. जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं खोलून झाली. पुढे येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात पीएचडी, शिवाय व्हासर कॉलेजात प्राध्यापकी. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वजन कमी भरलं. खास परवानगी काढून त्या १९४३ साली भरती झाल्याच.

१९४४ मध्ये नेमणूक झाली हार्वर्डला, ५१ फूट लांबीच्या मार्क-१ या यंत्रावर. तिथले प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी हुकूम सोडला, या यंत्राचं पुस्तक लिहा. कागदी पट्टीवर पाडलेली भोकं हाच तेव्हाचा प्रोग्राम, आणि नुसती भोकं बघून माणसाला काय कळणार? हॉपरबाई रोज लिहायच्या आणि एकेनना वाचून दाखवायच्या. १९४६ साली पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल छापून आलं. डॉक्युमेंटेशन हाताने करणं म्हणजे काय, हे त्यांना तिथेच कळलं असणार.

(कम्प्युटरमध्ये पतंग सापडला आणि हॉपरबाईंनी 'बग' शब्द शोधला, ही पोस्ट तुम्ही पाहिली असेल. १९४७ साली मार्क-२ मध्ये पतंग खरंच सापडला होता. पण तो शब्द त्याआधीपासून वापरात होता, आणि पतंग त्यांना स्वतःला सापडलेला नव्हता.)

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. १९५२ साली ए-० हा सुरुवातीचा कंपायलर तयार केला. मग म्हणाल्या, प्रोग्राम सरळ इंग्रजी शब्दांत लिहू. कम्प्युटरला इंग्रजी कळत नाही, असं सांगून त्यांना वाटेला लावलं गेलं. त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. शब्द कुठलेही असोत, यंत्राला फरक पडत नाही, एवढंच दाखवायचं होतं. पण अमेरिकन यंत्र फ्रेंच बोलणार म्हटल्यावर साहेबलोक आणखीच बिचकले!

तरीही फ्लो-मॅटिक ही भाषा झाली, आणि १९५९ मध्ये कोबोल ठरवताना तिचाच मोठा आधार घेतला गेला. कोबोलची एक गंमत म्हणजे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ओळखीचा विभाग. प्रोग्रामचं नाव, लिहिणारा, तारीख, शेरा. म्हणजे डॉक्युमेंटेशनची जागा भाषेच्या व्याकरणातच राखून ठेवलेली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम, अगदी किरकोळ बदल करून, आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला.

आणि मग कंपन्यांनी आपापले शब्द घालायला सुरुवात केली.

कारणं साधी होती. आपल्या यंत्राची खास सोय वापरता यावी, आणि गिऱ्हाईक आपल्याकडेच अडकून राहावं. नौदलाकडे तर निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसरं यंत्र घेईना.

३१ डिसेंबर १९६६ ला हॉपर वयामुळे नौदलातून निवृत्त झाल्या. ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कोबोल एका वळणावर आणायला. सहा महिन्यांची झाली एकोणीस वर्षं.

त्यांनी आणि त्यांच्या गटाने केलेलं काम दिसायला रुक्ष, पण फार हुशारीचं. त्यांनी कोबोलमध्येच चाचणी प्रोग्राम लिहून घेतले. प्रमाण भाषेचे नियम एकेक करून तपासायचे आणि पास की नापास ते छापायचं. कंपनी म्हणते आमचा कंपायलर प्रमाण आहे? चालवून दाखवा. जादा शब्दांवर बंदी घातली नाही, आणि ते बरोबरच होतं. सोयीचे शब्द लोक वापरणारच. पण प्रमाण काय आणि पदरचं काय, हे आता तपासून सांगता येऊ लागलं.

१९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या पुन्हा निवृत्त झाल्या. लगेच एका कम्प्युटर कंपनीच्या सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

त्याच परंपरेतला कोबोलचा चाचणी संच पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेने सांभाळला. जीएनयू-कोबोल हा फुकट मिळणारा कंपायलर आजही त्यावर तपासला जातो. आणि त्याच कंपायलरला, जुना कोड देताना, हे कुठल्या कंपनीचं कोबोल आहे तेही सांगता येतं.