कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांनी निवडलेला मार्ग

दहावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या आंबोलीच्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलास अथवा मुलीस पुढे कोणत्या मार्गास लावावे? कोणी अकरावीची विज्ञान शाखा सुचवितो, कोणी आयटीआयमधील एखादा व्यवसाय, तर कोणी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका. शेजारचा मुलगा जिकडे गेला तिकडेच आपलाही धाडावा, हा या सर्वांत सोपा उपाय, आणि बहुधा सर्वांत वाईटही. अशा समयी एका थोर पुरुषाचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावेसे वाटते. त्याचे पुढील यश सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचे नाव कोरलेला पंप कोकणातल्या कित्येक विहिरींवर दिसतो. परंतु सोळाव्या वर्षी मोठ्या हौसेने पत्करलेला अभ्यासक्रम अठराव्या वर्षी हातातून निसटला, तेव्हा त्याने काय केले, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म दि. 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत शाकुंतल 1880 साली रंगभूमीवर आणणारे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव व हेच आडनाव; त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी दोघांची गल्लत करितात. हे घराणे पिढ्यानुपिढ्या घाटावर नांदले, तथापि त्यांचे आडनाव कोकणाकडे बोट दाखविते, आणि किर्लोस नावाचे गाव आपल्या मालवण तालुक्यात आहे. बेळगावास आगगाडी पोहोचण्यापूर्वी त्या शहराचा समुद्रमार्गे येणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि बैलगाड्यांतून आपला घाट चढून वर जाई. तेव्हा हा पुरुष आपल्यास अगदीच परका नव्हे.

वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने इंग्रजी शिकावे, मॅट्रिक व्हावे आणि एखाद्या कचेरीत मानाची जागा मिळवावी, ही त्या काळच्या पांढरपेशा घरांची सर्वसाधारण अपेक्षा होती. मुंबई विश्वविद्यालयाची मॅट्रिक परीक्षा 1859 साली सुरू झाली, आणि नंतरच्या पंचवीस वर्षांत हायस्कूलचा सगळा अभ्यासक्रम त्या एका परीक्षेभोवती फिरू लागला होता. ज्याचे मन त्या विषयांत रमत नसे त्यास मंद समजले जाई. लक्ष्मणाचे मन त्यांत रमत नव्हते. त्यास दोनच गोष्टींचे वेड होते: एक चित्रे काढणे आणि दुसरे कोणतेही यंत्र उघडून आत काय चालते ते पाहणे. ही दोन वेडे त्या वेळी कोणी विद्या म्हणून मोजीत नसे.

वडिलांस मुलाचा हा ओढा पसंत नव्हता. परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची बाजू घेतली व खर्चाचा भार उचलला. घरात एक जरी वडीलधारे माणूस मुलाकडे नीट निरखून पाहणारे असले तर किती फरक पडतो, हे यावरून पालकांच्या ध्यानी यावे. 1885 साली लक्ष्मणराव मुंबईस जाऊन सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. ही शाळा 1857 पासून चालू होती. तीत रंगचित्रणाबरोबरच यांत्रिक रेखांकनही शिकवीत. सोळा वर्षांच्या मुलास हवे ते मिळाले. आता चित्रकार व्हावयाचे, हे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

दोन वर्षे बरी गेली, आणि मग एक विलक्षण अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांस काही रंगांतील भेद कळत नाही, असे आढळून आले. त्यांस अंशतः रंगांधत्व होते. हा दोष बहुधा जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळच अधिक आढळतो, आणि ज्यास तो असतो त्यास वर्षानुवर्षे त्याची वार्ताही नसते. कारण आपण पाहतो तसेच जग सर्वांस दिसते असे प्रत्येकास वाटत असते. लाल व हिरव्या छटांत घोटाळा होणे हा त्याचा नेहमीचा प्रकार होय. परिश्रम करून अथवा औषध घेऊन तो जात नाही. ज्याने चित्रकार होण्यासाठी घरच्यांचा विरोध पत्करला त्या तरुणास हे कळल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी.

येथे दोन मार्ग उघड होते. एक, मुकाट्याने गावी परतावे आणि आमचे ऐकले नाहीस हे ऐकत आयुष्य कंठावे. दुसरा, डोळ्यांचा दोष झाकून कसेबसे चित्रकलेचे शिक्षण रेटावे. लक्ष्मणरावांनी यांपैकी एकही पत्करला नाही. आपण जे शिकलो त्यातील रंगावर अवलंबून असलेला भाग कोणता आणि नसलेला कोणता, याची त्यांनी वाटणी केली असे दिसते. रंगचित्रण त्यांनी सोडले. यांत्रिक रेखांकन सोडले नाही.

हे यांत्रिक रेखांकन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांस ते चित्रकलेचे धाकटे भावंड वाटते. चित्रकार वस्तू जशी दिसते तशी काढतो. दूरचे लहान, जवळचे मोठे. यांत्रिक रेखाटनात वस्तू जशी आहे तशी काढावयाची असते. एकच वस्तू समोरून कशी, वरून कशी, बाजूने कशी, आणि मधोमध कापली तर आतून कशी, अशी निरनिराळी दृश्ये एकाच कागदावर ठराविक जागी मांडावयाची व प्रत्येक माप लिहावयाचे. जाड रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे झाकलेली कड. येथे रंगाचे काम नाही. सारा अर्थ रेघेत. हा कागद हाती घेऊन सुतार लाकडी नमुना तयार करितो. ओतीव लोखंड थंड होताना शंभरास सुमारे एक या प्रमाणात आकसते, म्हणून तो नमुना तितका मोठा ठेवितो. ओतारी त्यावरून वाळूत साचा उठवून लोखंड ओततो, आणि कातारी ते घासून नेमक्या मापास आणतो. या तिघांची कधी भेट झाली नाही तरी चालते, कारण कागद सर्वांशी एकाच भाषेत बोलतो. ज्याच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद कळत नव्हता त्याने ही भाषा आत्मसात केली, आणि पुढील सर्व उद्योग तिच्यावर उभारला.

मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. हीच आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था होय. तेथे लक्ष्मणरावांस यांत्रिक रेखांकनाच्या सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. वेतन दरमहा 45 रुपये. शिकविण्याचे तास संपले म्हणजे ते संस्थेच्या कार्यशाळेत जात आणि तेथील यंत्रे स्वतःच्या हाताने चालवून पाहत. कागदावर जे यंत्र रेखाटले ते प्रत्यक्षात कुठे अडते, कुठे तापते, हे त्यांना अशा रीतीने कळले. वरकड वेळेतील हे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रात नमूद नव्हते. माझ्या मते त्यांची खरी पदविका हीच.

या सुमारास सायकल ही नवी चीज मुंबईत दिसू लागली होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावास पाठवीत, आणि रामूअण्णा तेथे त्या विकीत व गिऱ्हाइकांस सायकलीवर बसावयासही शिकवीत. 1888 साली बेळगावास उघडलेले हे दुकान म्हणजे किर्लोस्कर बंधूंच्या कारखानदारीची पहिली पायरी होय.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांच्या वाट्याची जागा दुसऱ्यास, एका अँग्लो-इंडियनास, देण्यात आली. परकीय राजवटीत ही गोष्ट नवी नव्हती. अनेकांनी अशा समयी मान खाली घालून निवृत्तिवेतनाची वाट पाहिली असती. लक्ष्मणरावांनी 1897 मध्ये नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास परतले.

आता आमचे कित्येक विद्यार्थी ही कथा सांगून असे म्हणू लागतात की, किर्लोस्करांनी शाळा सोडली, पदवी घेतली नाही, तरी ते मोठे झाले. मग आम्ही अभ्यास कशास करावा? हा तर्क पूर्णपणे चुकीचा आहे. लक्ष्मणरावांनी एका परीक्षेचा मार्ग सोडला, विद्या सोडली नाही. 1885 ते 1897 अशी सलग बारा वर्षे ते शिकणे व शिकविणे यांतच होते. परदेशी यंत्रांची माहिती मिळवावयाची तर इंग्रजी वाचता यावे लागे, आणि ते वाचन त्यांनी जन्मभर चालू ठेविले. शिवाय स्वतःस न मिळालेल्या शिक्षणाची किंमत ते जाणून होते. त्यांचे चिरंजीव शंतनुराव 1922 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात गेले व 1926 साली यांत्रिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

बेळगावास लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता; घेणारा मात्र मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि माल जवळजवळ दोन वर्षे पडून राहिला. या समजास हसू नये. ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर अवलंबून आहे तो नव्या अवजारास भितो यात नवल नाही. लक्ष्मणरावांनीही त्यास अडाणी ठरविले नाही. नांगरात सुधारणा करीत राहिले, आणि हळूहळू नांगर शेतांत फिरू लागला.

धंदा जमतो न जमतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी त्यांची जागा रिकामी करण्यास सांगितले. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्या प्रसंगी साहाय्यास आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर जमीन व 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिले. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते; रंगांनी ज्यास दूर लोटले त्यास आसरा एका चित्रकार राजाकडे मिळाला, हा योग मोठा मौजेचा. दि. 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. जागा निवडुंगाने भरलेली व सर्पांनी गजबजलेली, पाण्याचे दुर्भिक्ष. तेथे कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली, आणि तिची व्यवस्था पाहण्याचे काम रामूअण्णांनी पत्करले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा निर्बंध होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस त्यांनी वसाहतीचे राखणदार नेमिले, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक तेथूनच सुरू केले.

येथे आमच्या आजच्या विद्यार्थ्यांकरिता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे अस्थानी होणार नाही. लक्ष्मणरावांस आपल्या डोळ्यांचा दोष दोन वर्षे घालविल्यावर कळला. आज तो अर्ध्या घटकेत कळू शकतो. रंगीत ठिपक्यांच्या चित्रांत दडलेले आकडे वाचावयास सांगून नेत्रवैद्य त्याची परीक्षा करितात. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ मुलांस व्यापारी जहाजावर जाण्याची इच्छा असते, काहींस रेल्वेचे इंजिन चालवावयाचे असते. या दोन्ही ठिकाणी रंगदृष्टीची कसोटी घेतात व तीत जो उतरत नाही त्यास घेत नाहीत. म्हणून असा अभ्यासक्रम पत्करण्यापूर्वी, शुल्क भरण्यापूर्वी, ही परीक्षा करून घ्यावी. ज्यास चित्रकलेची आवड आहे त्याने शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांस बसावे. अभियांत्रिकी पदविकेच्या अभ्यासात रेखांकन येतेच. ज्याचा हात शाळेत वळला आहे त्यास ते जड जात नाही. आणि पदविका हा बंद दरवाजा नव्हे, हेही पालकांनी जाणावे: ती पूर्ण केल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे, आयटीआय उत्तीर्ण झालेल्यासही पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट आहे. गणित मात्र या सर्व वाटांवर बरोबर येते. त्यास नववीत चुकविले तर ते पुढच्या वळणावर उभेच असते.

असो. पुढील हकीकत विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. नांगरांमागून पंप आले, चरक आले, यंत्रे घडविणारी यंत्रे आली. 1946 साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूरास विजेच्या यंत्रांचा कारखाना निघाला. दि. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे दि. 20 जून 1969 रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले. कुंडल रोड स्थानकाचे नाव आज किर्लोस्करवाडी असे आहे, आणि पुण्याहून मिरजेस जाताना ते वाटेत लागते.