तानाका शोझो : शेतकऱ्यांचा कैवारी

१८७१ साली आमच्या मॉरिशस बेटावरील ९,००० हून अधिक जुन्या मजुरांनी आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज सरकारकडे धाडला, हा इतिहास आम्ही शाळेत शिकवितो. जपानातही असाच एक अर्जदार होऊन गेला. त्यांची ओळख आज वाचकांस करून देत आहोत.

तानाका शोझो यांचा जन्म १८४१ साली कोनाका या गावी पाटलाच्या घराण्यात झाला. तरुणपणी खुनाच्या खोट्या संशयावरून त्यांना जवळजवळ तीन वर्षे तुरुंगवास घडला. पुढे १८९० च्या पहिल्याच निवडणुकीत ते संसदेवर निवडून आले.

त्या काळी आशिओच्या तांब्याच्या खाणीतील विष वातारासे नदीत उतरत होते. मासे मेले. पुराच्या गाळाने शेते नापीक झाली. १८९१ पासून तानाका संसदेत दाद मागत राहिले, सरकार टाळाटाळ करीत राहिले.

१८९८ साली शेतकरी तोक्योकडे निघाले असता तानाकांनी त्यांना वाटेतच गाठले. तुमचे गाऱ्हाणे मी मांडीन, असे वचन देऊन त्यांनी बहुतेकांना परत फिरविले. पण सरकारने काही केले नाही. म्हणून १३ फेब्रुवारी १९०० रोजी हजारो शेतकरी पुन्हा निघाले. कावामाता येथे पोलिसांनी त्यांना अडवून झोडपले. धरपकड झाली व ५१ जणांवर खटला भरला गेला.

चारच दिवसांनी तानाकांनी संसदेत सरकारला जाब विचारला. प्रश्नाचा अर्थच लागत नाही, असे सांगून पंतप्रधान यामागाता यांनी उत्तर टाळले. पुढे खटल्यात सरकारी वकील बोलत असता तानाकांनी मोठ्याने जांभई दिली. तेवढ्यावरून अधिकाऱ्याच्या अपमानाचा गुन्हा त्यांच्यावर लागला.

१९०१ साली त्यांनी संसदेचा राजीनामा दिला आणि १० डिसेंबर रोजी हातात अर्ज घेऊन सम्राटांच्या बग्गीकडे धाव घेतली. पोलिसांनी पकडले, पण खटल्याने देशभर बोभाटा झाला असता, म्हणून वेडा ठरवून त्याच संध्याकाळी सोडून दिले. जांभईची शिक्षा मात्र चुकली नाही. १९०२ साली सुमारे ४० दिवस तुरुंगात काढताना त्यांनी बायबलचा नवा करार वाचला. शेतकऱ्यांचा खटला कोर्टामागून कोर्ट फिरून त्याच वर्षी डिसेंबरात सेंदाई येथे सरकारी कागदपत्रांतील दोषामुळे रद्द झाला.

पुढे पुराचे पाणी साठविण्यासाठी यानाका गाव उठविण्याचे ठरले. १९०४ साली तानाका त्या गावातच राहावयास गेले. १९०७ साली पोलीस बंदोबस्तात उरलेली १६ घरे पाडली गेली. ती माणसे झोपड्या उभारून तेथेच राहिली व भरपाईसाठी कोर्टात गेली. १९१९ साली भरपाई वाढवून मिळाली. तो निकाल पाहावयास तानाका नव्हते. ४ सप्टेंबर १९१३ रोजीच ते वारले होते. त्यांच्या झोळीत नवा करार, राज्यघटना, रोजनिशी आणि नदीतले काही खडे निघाले. खाण बंद व्हावयास १९७३ साल उजाडले.

लाठी बसल्यावर हाती दगड घेणे सोपे असते. ज्यांना वचन दिले त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढणे, स्वतः शिक्षा भोगणे आणि शेवटी त्यांच्यातच जाऊन राहणे कठीण. आमच्या मुलांना हे चरित्र जरूर सांगावे.