मुलांचे किडलेले दात मोजत जग फिरलेला डेंटिस्ट

वेस्टन प्राइस यांचा जन्म १८७० चा, कॅनडातला. डेंटिस्ट म्हणून नाव कमावलं ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये. दात किडतात कशामुळे, हे शोधायला साठी ओलांडल्यावर ते बायकोला सोबत घेऊन जगभर फिरले.

१९३० च्या दशकात त्यांनी आफ्रिका, पॅसिफिक बेटं, पेरू इथल्या लहानथोरांचे दात तपासले, फोटो काढले. पारंपरिक खाणं असलेल्या वस्त्यांमध्ये ब्रश न वापरताही दात बहुतेक शाबूत होते. जिथं व्यापाऱ्यांचा मैदा, साखर, जॅम पोहोचला, तिथं पोरांच्या दातांना कीड लागली होती. डेंटिस्ट नसल्यानं ठणका सोसण्यावाचून इलाज नव्हता.

१९३९ मध्ये हे सगळं पुस्तकात आलं. १९४८ मध्ये प्राइस गेले. त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. कीड लागण्याची इतर कारणं त्यांनी नीट तपासली नाहीत, रूट कॅनलबद्दलचं त्यांचं मत तर विज्ञानानं पुढं फेटाळलं.

साखरेचा धोका मात्र खरा ठरला. आज गरीब देशांतल्या खेड्यांतही स्वस्त बिस्किटं आणि गोड पेयं मिळतात. दात दुखला की मूल नीट जेवत नाही, आणि आधीच कुपोषित असलेलं मूल आणखी खंगतं.