बाबांच्या ट्रंकेतल्या केसरबाई

दिवाळीच्या सुट्टीत भोरला घरी गेलो की आईने माझ्यासाठी एक काम राखून ठेवलेलं असतं, माळा साफ करणं. मागच्या वेळी तिथे एका पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या जुन्या रेकॉर्डी सापडल्या. बाबा वेल्ह्याकडे शाळेत मास्तर होते तेव्हा पगार झाला की पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन त्या घ्यायचे. तोरण्याच्या पायथ्याला पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसायचा, पण चावीच्या ग्रामोफोनला लाईट लागतेय कशाला?

पहिलीच तबकडी काढताना माझ्या हातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. लाखेच्या रेकॉर्डी काचेसारख्या फुटतात हे मला तेव्हा कळलं! बाबा काही बोलले नाहीत. तुकडे जुळवून त्यांनी लेबल वाचलं आणि आत जाऊन बसले. लेबलवर नाव होतं केसरबाई केरकर.

त्यांचीच दुसरी एक शाबूत होती, ती ऐकली. खरं सांगतो, काही कळलं नाही. आधी भरपूर खरखर, मग एक भरदार, जरासा पुरुषी वाटावा असा आवाज, आणि तीन-साडेतीन मिनिटांत सगळं खलास. विषय तिथेच संपला असता. पण पुढच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी व्हॉयेजर यानाच्या कम्युनिकेशन सिस्टिमचा टॉपिक घेतला, आणि यानावर पाठवलेल्या संगीताच्या यादीत बाख, बीथोवन यांच्या शेजारी तेच नाव दिसलं! माझ्या हातून जे फुटलं ते नक्की काय होतं, हे शोधायला मी त्या दिवशी बसलो.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावातला. घर कलावंतांचं. देवळात आणि मैफलीत ज्यांचं गाणं हवं, पण पंगतीत ज्यांना जागा नाही, असा तो समाज. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला नेलं आणि तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने तालीम मिळाली. मग परत गोवा, तिथे रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ, मधे थोडे दिवस भास्करबुवा बखले. म्हणजे गुरू एकाहून एक मोठे, पण एकाकडेही तालीम धड पूर्ण नाही. आपल्यात एखादा तीन कॉलेजं बदलून शेवटी एटीकेटीत अडकतो, तशीच गत.

शेवटी अल्लादिया खाँसाहेब. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते प्रवर्तक, शिष्य करून घेण्याच्या बाबतीत अतिशय कडक. १९२१ साली त्यांनी केसरबाईंना गंडा बांधला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. मुंबईत आधीच गात असलेल्या बाईने एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा पाटी कोरी करून सुरुवातीपासून शिकायला बसायचं! पुढची दहा-अकरा वर्षं रोज तासन्‌तास तीच मेहनत. जयपूर गायकीत मोकळा आकार, लांब दमसास आणि लयीला घट्ट बांधलेल्या, एकात एक गुंफलेल्या ताना लागतात. वरून राग तरी सोपे असावेत की नाही? तेही जोडराग, अनवट. खाँसाहेब १९४६ साली गेले, तोवर गुरू-शिष्येचं नातं टिकलं.

त्यानंतर मात्र देशभर त्यांच्या नावाचा दबदबा झाला. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचं गाणं फार आवडायचं असं सांगतात. कलकत्त्याच्या रसिकांनी १९४८ साली त्यांना ‘सूरश्री’ पदवी दिली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५३ चा, पद्मभूषण १९६९ चं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवलं. मानसन्मान इतके, तरी स्वतःच्या मुलीला त्यांनी गाण्यात आणलं नाही, डॉक्टर केलं. मला वाटतं, केरीतल्या पंगतीचा हिशोब त्यांनी असा चुकता केला असावा.

स्वभाव मात्र भयंकर करारी. मैफलीत कुणी चुळबुळ केलेली खपत नसे. मायक्रोफोनशी त्यांचं जमलं नाही, कारण आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपल्याच जोरावर जातो याची त्यांना खात्री होती. समोर कुणी टेपरेकॉर्डर लपवून आणलाय असा संशय आला तर गाणं थांबायचं, असे किस्से जुने लोक सांगतात. आपलं गाणं यंत्रात जसंच्या तसं उतरत नाही, आणि उतरलंच तर ते कुणाच्याही हातात जाईल, ही धास्ती. म्हणून एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी मोजकंच ध्वनिमुद्रण केलं. शिष्याही मोजक्याच, त्यांतल्या धोंडूताई कुलकर्णी यांनी ते गाणं पुढे चालवलं. साठच्या दशकात, गळा साथ सोडायच्या आधीच, त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या.

आता आपल्या कामाचा मुद्दा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावतात. मैफलीत तासभर चालणारा राग त्यात बसवायचा म्हणजे निव्वळ कापाकापी करून भागत नाही. आलाप कुठे सुरू करायचा, समेवर कितीदा यायचं, कोणती तान टाकून द्यायची, सगळं आधी ठरवावं लागतं. ज्या बाईचा यंत्रावर विश्वास नव्हता, तिनेच यंत्राची मर्यादा इतकी चोख वापरली की त्या तीन मिनिटांत घाई म्हणून कुठे जाणवत नाही. हे मला दहाव्यांदा ऐकल्यावर कळलं, पहिल्यांदा नाही.

१९७७ साली कार्ल सेगन यांची मंडळी व्हॉयेजरच्या तबकडीसाठी जगभरचं संगीत निवडत होती. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने आपल्या यादीत सगळ्यात वर केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ टाकली. पण ती रेकॉर्ड केव्हाच छापायची बंद झालेली! अ‍ॅन ड्रुयन यांनी दुकानं पालथी घातली, लायब्ररीवाल्यांना विचारलं, वकिलातींत विचारलं, शेवटी भारतीय हॉटेलांत फोन लावले. हातात तीनच दिवस. दुसरं काही सुचवा म्हटलं तर ब्राउन ढिम्म, याच्या जवळपासचंही दुसरं नाही यावर ठाम. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली, धूळ खात पडलेल्या खोक्यात त्या रेकॉर्डच्या तीन कोऱ्या प्रती मिळाल्या. ट्रंक काय अन् खोकं काय!

त्या सोनेरी तबकडीवर २७ रचना आहेत आणि ५५ भाषांतले नमस्कार, त्यात मराठीही आहे. पश्चिम आफ्रिकेतला एक तालवाद्यांचा तुकडाही आहे. तो सेनेगलचा म्हणून नोंदवला होता, पण प्रत्यक्षात बेनिन देशातला निघाला. नासाच्या यादीतसुद्धा चूक असू शकते, तेव्हा जर्नलमधल्या आपल्या चुका सरांनी मनावर घेऊ नयेत!

व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी. यानाने २०१२ साली सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्र ओलांडलं. त्याचा ट्रान्समीटर जेमतेम वीसेक वॅटचा, पृथ्वीवर सिग्नल पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो, तरी पोचतो. वेल्ह्याच्या खोऱ्यात मोबाईलला अजून जागोजागी रेंज नाही, हे जाता जाता.

फुटलेल्या तबकडीतलं गाणं मला शेवटी नेटवर मिळालं. कुणीतरी आपल्याकडची तबकडी वाजवून चढवलं होतं. पुढच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत बाबांना मोबाईलवर लावून दिलं. बाबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मला वाटलं, आता खूश होतील. म्हणाले की पट्टी चढलीय, उतरवून घेणाऱ्याने फेरे जास्त ठेवलेत, बाई इतक्या उंच गात नव्हत्या. मग लॅपटॉप काढला आणि रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही दोघं स्पीड थोडा थोडा कमी करत बसलो.