वर्धेच्या काठी राहिलेला हिशेब

मुंबईहून नागपूरला येताना पुलगावच्या अलीकडे गाडी वर्धा नदी ओलांडते. नदीपलीकडचे ते वऱ्हाड, अलीकडचे आम्ही नागपूरकर, हा भेद आमच्याकडे सोयरिकीच्या बोलण्यातही निघतो. १८०३ सालच्या देवगावच्या तहाने ही नदी राज्याची सीमा ठरवली. तो तह पदरी घेणारे राजे म्हणजे दुसरे रघूजी भोसले.

पहिल्या रघूजींचे हे नातू. मुधोजींच्या पोटी जन्मले, जानोजींना दत्तक गेले. आजोबांनी १७५१ साली बंगालच्या नबाबाकडून ओरिसा मिळवला होता. नातवाने १८०३ मध्ये शिंद्यांच्या जोडीने इंग्रजांशी युद्ध केले. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव, दोन्हीकडे हार झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी राजांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी आर्थर वेलस्लीशी तह केला. बालासोरसह कटक प्रांत कंपनीला गेला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सुटला, तो निजामाच्या पदरात पडला. गाविलगड, नरनाळा आणि लगतचा चार लाखांचा मुलूख तेवढा राजांकडे राहिला. नागपुरात इंग्रज रेसिडेंट येऊन बसला.

मी बँकेत उमेदीची वर्षे आकडे तपासण्यात घालवली. जमा एकदम घटली आणि खर्च तसाच राहिला, की तूट कुणाच्या तरी माथी मारली जाते, हे मी पाहिले आहे. राजांनी ती रयतेच्या माथी मारली. सारा जबर झाला, फौजेचे पगार थकले. लोक आपल्या राजाला 'मोठा बनिया' म्हणू लागले.

पण खात्याला दुसरी बाजूही आहे. इंग्रजांची तैनाती फौज पदरी घ्यायला रघूजी अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले. दोनच महिन्यांनी, २७ मे रोजी, अप्पासाहेबांनी तो करार केला. पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरचे स्वातंत्र्य संपले.

मुलूख देऊन रघूजींनी तेरा वर्षे आपली गादी कुणाच्या फौजेच्या पहाऱ्याखाली जाऊ दिली नाही, हे त्यांच्या जमेला. त्या तेरा वर्षांची किंमत मात्र नांगर धरणाऱ्यांनी भरली. त्यांची नावे कोणत्याही तहनाम्यात नाहीत. गाडी पुलावर आली, की मला राजांच्या आधी तीच माणसे आठवतात.