सूर्यावरचा वायू आणि विजयदुर्गावरचा साहेब

वाढदिवसाच्या फुग्यात भरल्या जाणाऱ्या हेलियमचा पहिला माग पृथ्वीवर नव्हे, तर सूर्यावर लागला. तो लावणाऱ्यांपैकी एक, सर जोसेफ नॉर्मन लॉकयर यांचे नाव कोकणातील विजयदुर्ग किल्ल्याशी कायमचे जोडले गेले आहे.

17 मे 1836 रोजी इंग्लंडमधील रग्बी येथे जन्मलेले लॉकयर पेशाने शास्त्रज्ञ नव्हते. लंडनच्या युद्धखात्यात ते कारकुनी करीत आणि फावल्या वेळी आपल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळीत. सूर्याच्या कडेवरील ज्वाला ग्रहणाविनाही अभ्यासता येतील, अशी त्यांची खात्री होती. परंतु त्यासाठी लागणारे वर्णपटदर्शक यंत्र हाती येण्यास विलंब झाला. दरम्यान 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथून या ज्वालांचा वर्णपट तपासला आणि तीच युक्ती त्यांनाही गवसली. लॉकयर यांना 20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये यश आले. दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आले. श्रेयाचा वाद न होता फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले.

वर्णपटातील एक पिवळी रेषा मात्र कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती नव्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकयर यांनी मानले; सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. अनेकांनी शंका घेतली. 1869 मध्ये लॉकयर यांनी नेचर हे नियतकालिक सुरू केले आणि 50 वर्षे संपादिले. अखेर 1895 मध्ये विल्यम रॅम्से यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू मिळाला. 27 वर्षांची प्रतीक्षा संपली.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी 61 वर्षांचे लॉकयर विजयदुर्गावर आले. ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना निरीक्षणाचे धडे देऊन त्यांनी मदतीस घेतले. तेथील चौथरे आजही साहेबाचे ओटे म्हणून दाखविले जातात. हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला, असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र तारखा तसे सांगत नाहीत. लॉकयर येथे आले, त्यापूर्वीच हेलियम प्रयोगशाळेत सिद्ध झाला होता. विजयदुर्गाचा खरा मान त्या शोधकर्त्याच्या वेधशाळेचा आहे आणि तो लहान नाही.

16 ऑगस्ट 1920 रोजी डेव्हन परगण्यात लॉकयर यांचे निधन झाले. त्यांनी हेरलेला वायू हवेहून हलका असून जळत नाही, हे त्याचे मोठेपण. जत्रेतील स्वस्त फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो. मेणबत्तीची ज्योत वा सिगारेटची ठिणगी लागताच तो भडकतो. म्हणूनच फुगे घेताना वायू कोणता, हे विचारावे आणि शंका असल्यास दिव्यापासून ते दूर ठेवावेत. हेलियमही गंमत म्हणून श्वासात ओढू नये, कारण तो प्राणवायूची जागा घेतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहानग्याच्या घशात अडकलेला रबराचा तुकडा जिवावर बेततो.