निदानाची अमानत : डॉ. अकासिओ व्हिएगस



पावसाळा सरत आला की आपल्या गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात घरोघरी तापाचे अंथरूण पडते आणि वैद्याकडे जाण्यापूर्वीच आपण त्या तापाला ओळखीचे एखादे नाव देऊन मोकळे होतो. नाव चुकले की औषध चुकते, आणि औषध चुकले की घरातले माणूस हातचे जाते. म्हणूनच ओळखीच्या नावावर समाधान न मानणाऱ्या एका डॉक्टरांचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहे. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु ज्ञान व उपकार जेथून येतील तेथून कृतज्ञतेने स्वीकारावेत, हीच आपली शिकवण आहे.

अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली पदवी घेऊन त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. बंदरालगतची ही वस्ती धान्याच्या कोठारांनी, दाट चाळींनी आणि उंदरांनी भरलेली होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये तेथे माणसे तापाने दगावू लागली. मुंबईला ताप नवा नव्हता, त्यामुळे हाही नेहमीचाच असावा, असे समजणे सोपे होते. व्हिएगस यांनी मात्र रुग्णाचे अंग नीट तपासले. झपाट्याने चढणारा ताप, कमालीची ग्लानी आणि जांघेत सुजलेल्या गाठी ही लक्षणे त्यांनी एकत्र जुळविली आणि हा गाठीचा प्लेग आहे, असे महापालिकेपुढे स्पष्टपणे सांगितले. ही गोष्ट मान्य करणे अनेकांना जड गेले. प्लेगचे नाव निघाले की बंदराचा व्यापार बसणार, हे उघड होते. तेव्हा सरकारने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करविली आणि व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

त्या शब्दाचे ओझे किती होते, ते पाहा. लाखो लोक शहर सोडून गेले. १८९७ साली मुंबईहून हजला जाण्यास सरकारने मनाई केली. त्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगला बळी पडल्या. सक्तीच्या तपासण्यांच्या धास्तीने घरे आपले रुग्ण लपवू लागली, आणि लपविलेल्या रुग्णाचे निदान जगातील कोणताही डॉक्टर करू शकत नाही. याच काळात हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली व जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. व्हिएगस यांनी वस्त्यांची सफाई व उंदरांचा नाश यांसाठी आवाज उठविला आणि हजारो रहिवाशांना स्वतःच्या हाताने लस टोचली. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

आता या चरित्राकडे दीनच्या प्रकाशात पाहा. आलेल्या बातमीची शहानिशा करावी, अन्यथा अजाणतेपणी कुणाची हानी होईल, असा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे. रोगाचे नाव हीही एक बातमीच होय. साथीच्या गावी जाऊ नये व तेथून पळूनही जाऊ नये, हे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी शिकविले. वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करणाऱ्यावर झालेल्या हानीची जबाबदारी राहते, हेही त्यांनीच सांगितले. यावरून निदान ही केवढी मोठी अमानत आहे, हे ध्यानी येते.

या अमानतीत आपलाही वाटा आहे. ताप कधी आला, जंगलात जाणे झाले होते काय, कोणत्या गोळ्या घेतल्या, झाडफूक केली काय, हे सारे लाज न बाळगता डॉक्टरांस सांगा. लेकराचे हातपाय वारंवार ठणकत असतील तर तो वात म्हणून सोडून देऊ नका. आपल्या भागात सिकलसेल आढळतो आणि त्यासाठी रक्ताची तपासणी होते. औषधाने उतार पडत नसेल, तर हा दुसरा काही आजार असू शकेल काय, असे अदबीने विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. जाणता डॉक्टर त्या प्रश्नाने पुन्हा एकवार तपासतो. जुने कागद जपून ठेवा आणि प्रत्येक खेपेस सोबत न्या.

शिफा देणारा अल्लाहच आहे. त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्याने शोधात कसूर करू नये. मांडवीतल्या त्या डॉक्टरांनी ती केली नाही, म्हणून आलेले संकट वेळीच ओळखले गेले. आपल्या घरातील रुग्णाचाही आपल्यावर तेवढाच हक्क आहे.